थोरल्या रांजणावर डोळा

…आणि वर मलाच म्हणतो, "आई, रांजणांना काय पाय फुटणार आहेत का?" तुम्हाला सांगते बायांनो, पोटच्या पोराने असं बोलावं! अरे बाबा, रांजणाला पाय फुटत नाहीत हे मला माहीत नाही? हादोंगच्या माहेरून लग्न करून या घरात आले त्या दिवसापासून परसातल्या दगडी ओट्यावर रांजण पुसतेय मी, एकालाही पाय फुटलेला बघितला नाही. पण रांजणाला पाय नसले तरी आतल्या मालाला असतात! पावसाचे चार थेंब आत पडले, पळाला. झाकण नको तेवढं बंद राहिलं, ऊन लागलं नाही, पळाला. मयताला जाऊन आलेल्या माणसाने नुसतं वाकून बघितलं तरी चव गेलीच म्हणून समजा. आणि हा मला पाय शिकवतोय!

गुडघा गेला होता माझा, कबूल आहे. डॉक्टर म्हणाला, वाटी घासून घासून संपली, आता नवीन बसवायची. मी म्हटलं बसवू की, कोण नाही म्हणतंय, पण भाताची लावणी होऊ दे. लावणी झाली, म्हटलं आता लसूण काढायचाय. लसूण झाला, म्हटलं किमचीच्या लोणच्याचा कोबी खारवायचा कुणी, तू? असं करत करत ढकलत होते. मग एक दिवस सकाळी थोरल्या रांजणाचं झाकण उघडायला ओट्यावर चढले आणि गुडघ्याने दगा दिला. झाकण वर धरून पडले हो! झाकणाला चरा नाही, माझ्या कपाळाला टाके. आमचा दोक्सू शहरातून गाडी हाणत आला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत साहेब आहे तो, उंच इमारतीत राहतो, आवाजही तसाच वरून येतो. म्हणाला, "बास झालं आई. ऑपरेशन करायचं, आणि नंतर दोन-तीन महिने आमच्याकडे राहायचं."

मी म्हटलं, "आणि थोरला रांजण?"

आता तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही घरी असेल एखादा. आमच्या थोरल्या रांजणात घराचं विरजण आहे. जुनं गांजांग, सोयाबीनचा खारा रस, माझ्या सासूच्या सासूपासूनचं, काजळासारखं काळं आणि मधासारखं दाट. दर वर्षी नवीन सोयाबीनच्या विटा भिजवून जो माल निघतो, तो ह्यात थोडा मिसळायचा आणि ह्यातला थोडा त्याच्यात. लढाईच्या वेळी सासूबाई गाव सोडून पळाल्या ना, तेव्हा पाठीला माझा नवरा, हा एवढासा, आणि डोक्यावर ह्या विरजणाचं मडकं. दागिने राहिले घरात, गेले ते गेलेच! आणि हे घराबाहेर द्यायचं नाही, बरं का. थोरल्या सुनेलाच. शेजारच्या नामवॉनवालीने, माझ्या जन्माच्या मैत्रिणीने, कितीदा हात पसरले असतील! "ए हादोंगवाली, वाटीभर दे की गं, माझ्या रांजणाला तुझ्यासारखी चव येत नाही." मी म्हणायचे, माझ्या ताटातला घास घे, अंगावरचं लुगडं घे, पण ते नाही. मैत्री वेगळी, रांजण वेगळा.

आणि खरं सांगू का? सुनेच्या घरात काचेच्या बाटलीतलं गांजांग असतं, दुकानातलं. सतराव्या मजल्यावर रांजण ठेवणार कुठे? म्हणजे रांजण गेला तर मला गावाकडे परत जायला कारण काय उरलं? "आई, कशाला जातेस आता, राहा इथेच," हे वाक्य दोक्सूच्या जिभेवर तयारच होतं, मला दिसत होतं ना!

पण तो काय बोलला? "आई, तुझे रांजण मी तुला रोज दाखवतो. फोनवर. चोवीस तास. मग येशील?"

आणि खिशातून काय काढलं म्हणता? हिरवी पाटी! तळहातावर मावेल एवढी, बिस्किटासारखी, वर सगळे काळे काळे चौकोन. म्हणाला, हा कॉम्प्युटर आहे. म्हटलं, असू दे बाबा, तू लहानपणी बेडूक आणायचास तेव्हाही मी काही बोलले नाही. त्याला एक चपटी पट्टी, पट्टीच्या टोकाला कॅमेरा, डाळिंबाच्या दाण्याएवढा डोळा. "हा डोळा रांजणांकडे बघत बसणार आणि तू फोनमधून बघायचं. कोणीतरी व्हिडिओत दहा मिनिटांत केलंय. दिसलं की झालं!"

दहा मिनिटं! सकाळी ओसरीवर बसला, दुपारचं जेवण निवलं, तरी बसलेलाच. नखाएवढं कार्ड आत घालतोय, बाहेर काढतोय, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी पळतायत, मधेच थांबतायत, आणि हा त्यांना शिव्या घालतोय! मला अक्षर वाचता येत नाही, पण शिव्या कळतात. म्हटलं, "काय झालं रे?" "कॅमेरा सापडत नाही म्हणतंय." "हा काय, समोर लोंबतोय!" "तुला दिसतोय गं, त्याला दिसत नाही ना!" अहो, ज्याला स्वतःचा डोळा सापडत नाही तो माझे रांजण काय सांभाळणार? शेवटी कळलं, पट्टी उलट्या बाजूने खोचली होती. काढली, सुलटी केली, आणि तेव्हा एकदाचं चित्र आलं.

चित्र आलं, पण उलटं! माझे रांजण वटवाघळांसारखे आभाळाला लटकलेले! दोक्सू टाळ्या पिटतोय, "आलं आलं, दिसतंय ना? मग झालं!" अरे, झालं काय? थोरल्या रांजणाच्या पोटावर पांढऱ्या कागदाचा मोजा चिकटवलेला असतो ना आपल्याकडे, तळवा वर आणि तोंड खाली, उलटा, म्हणजे जी काय इडापिडा येईल ती मोज्यात शिरते आणि अडकून बसते… तो मोजा ह्या चित्रात सुलटा झाला! म्हणजे सगळी बाधा टपाटप बाहेर! मी म्हटलं, "दोक्सू, हे मला चालायचं नाही. हे चित्र फिरव." तो म्हणाला, "आई, दुसरीकडे काही उलटं झालेलं नाही, फक्त फोनवर आहे." मी म्हटलं, "मग बाधा फोनमधून येईल!" कुरकुरत बसला पुन्हा मुंग्या पळवत, आणि केलं बाई सुलटं. मोजा उलटा झाला, तेव्हा मी पाणी प्यायले.

मग ती पाटी पावसात भिजू नये म्हणून डबा हवा. मला न विचारता माझा किमचीचा डबा उचलला, लाल डागांचा, घट्ट झाकणाचा. पाटी आत, डोळा बाहेर, डबा कुंपणाच्या खांबावर. दुपारचं ऊन चढलं आणि चित्र बंद! दोक्सूने हात लावून बघितला तर पाटी भाजलेल्या रताळ्यासारखी. "तापलीय," म्हणाला. ताप आलाय तर काय करायचं, ते काय मला शिकवायला हवं? मी टॉवेल भिजवला, पिळला आणि ठेवला वर. अहो, केवढ्याने ओरडला! "आई, पाणी! वीज! मरशील!" म्हटलं, तुला गोवर आला होता तेव्हा हेच केलं होतं, तू मेलास का? मग डब्याला भोकं पाडली. आता त्या भोकांतून किमचीचा वास आणि वासाला मुंग्या, ह्या वेळी खऱ्या. पण दोक्सू म्हणाला, "दिसतंय ना? मग झालं!"

राहता राहिलं इंटरनेट. माझ्या घरात ते नाही, मला कशाला हवंय? पण नामवॉनवालीकडे आहे. तिच्या नातवाने बसवून दिलंय, ती त्याच्यावर गाण्याचे कार्यक्रम बघते, तरण्या पोरांचे, ह्या वयात! भिंतीला भिंत लागून, म्हणून तिच्या वायफायवर आमची पाटी. दोक्सूने तिला दहा वेळा बजावलं, "काकू, हा वायफायचा पांढरा डबा आहे ना, ह्याचा प्लग काढायचा नाही. काय वाटेल ते झालं तरी काढायचा नाही." ती म्हणाली, "नाही रे बाळा, कशाला काढेन?" आणि ऊन असेल त्या सकाळी झाकणं उघडायची, उन्हं उतरली की लावायची, हेही तिच्याकडेच. जाताना मी तिचे हात धरले. म्हटलं, "झाकणं तेवढी उघड आणि लाव. बाकी हात लावू नकोस." तिने माझ्याकडे बघितलं एकदा.

तर ऑपरेशन झालं, दुखणं काय विचारू नका, तुम्हाला माहीतच आहे, आणि मी सतराव्या मजल्यावर. सकाळी डोळा उघडला की फोन. अहो, खरंच दिसायचं हो! ओटा, रांजण, मागे केशरी फळांचं झाड. आणि नामवॉनवाली यायची, डोक्याला फडकं बांधून, एकेक झाकण काढायची आणि कॅमेऱ्यासमोर येऊन मला हात करायची. ओठ हलायचे, आवाज नाही. एकदा तर पळी घेऊन त्या गाणाऱ्या पोरासारखी नाचून दाखवली, मी पलंगावर हसतेय तर सुनेला वाटलं टाके उसवले. मी तिला फोन लावायचे, "ए, बाजूला हो, थोरला दिसत नाही." ती फोनवर म्हणायची, "झाले की!" आणि चित्रात अजून तिथेच उभी. दोक्सू म्हणाला, चित्र थोडं मागून येतं. असेल बाई. माझ्याही पायातला जीव हल्ली मागूनच येतो.

आणि मग तो दिवस.

सकाळी फोन उघडला, तर नामवॉनवाली पाठमोरी. थोरल्या रांजणावर वाकलेली. म्हटलं झाकण काढतेय. पण झाकण तर शेजारी ठेवलेलं! नीट बघितलं… हात कोपरापर्यंत आत! आणि शेजारी, झाकणाच्या बाजूला, काय? पितळेची वाटी!

म्हटलं थांब, माशी पडली असेल, काढत असेल. थांबले. ती वाकलेलीच. सुनेने भात आणला, समुद्री शेवाळाचं सार आणलं, मी जेवले, ती वाकलेलीच. पायाचा व्यायाम घ्यायला बाई आली, तिने माझा पाय वर केला, खाली केला, मी आई गं आई गं केलं, ती गेली… नामवॉनवाली वाकलेलीच! आता मला वेगळीच भीती वाटली. म्हटलं, मेली की काय ही? रांजणात हात घातला आणि तिथेच प्राण गेला? हे एवढं आयुष्य बरोबर काढलं आणि आता मी तिचं मयत फोनवर बघतेय! लावला फोन.

दुसऱ्या घंटेला उचलला. "काय गं हादोंगवाली? गुडघा कसा आहे?" ठणठणीत आवाज!

"कुठे आहेस तू?"

"बसमध्ये. आमचे धाकटे दीर गेले पहाटे. सगळा गाव बस करून निघालाय."

बसमध्ये! आणि इकडे माझ्या डोळ्यांसमोर, वाकलेली, हात आत! म्हटलं चित्र मागून येतं, जरा वाट बघू. वाट बघितली. हललीच नाही.

"नामवॉनवाली, खोटं बोलू नकोस. मी तुला बघतेय."

"काय बघतेयस?"

"हात काढ आधी!"

"कुठला हात?"

"उजवा!"

तिकडे जरा कुरकुर आवाज झाला. म्हणाली, "काढला. चिवड्याच्या पिशवीत होता. तुला कसं कळलं?"

मग माझं डोकंच फिरलं! दिराचं मयत झालेलं आणि ही मला चिवडा सांगतेय? माझ्या तोंडून निघालं ते निघालं. "चोर! इतकी वर्षं मागून मिळालं नाही, म्हणून माझी पाठ फिरताच चोरतेस? चोरटी कुठली!" आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर. सगळी बस ऐकत होती. सगळा गाव. ग्वाक सरपंच, त्याची बायको, ड्रायव्हरसुद्धा. मग नामवॉनवाली एवढंच म्हणाली, "बरं." आणि ठेवला.

मी दोक्सूला फोन केला कामावर. म्हटलं, चोरी झालीय, तू बघ! त्याने न बघताच म्हटलं, "आई, दिसतंय ना? मग झालं! मी मीटिंगमध्ये आहे." संध्याकाळी आला, फोन घेतला, बघितलं आणि हसायला लागला. "आई, हे अडकलंय! चित्र सकाळपासून अडकलंय!" म्हटलं, "मग मला कसं कळायचं?" "अगं, रांजण हलत नाहीत. हलणारं काही असतं तर कळलं असतं." बघा! रांजणांना पाय नाहीत, हेच शेवटी आडवं आलं!

आणि अडकलं का? तुम्हाला ओळखता येईल. तुम्ही घराबाहेर पडताना काय करता? सगळे प्लग उपटता की नाही? टीव्हीचा, पंख्याचा, भाताच्या कुकरचा? मीही उपटते! आपल्या वयाची कुठली बाई वीज जळत ठेवून गावाला जाईल? दोक्सूने दहा वेळा सांगितलं असेल, पण बाहेर पडताना हाताला सवय असते, हात आपोआप जातो. तिने रांजणातून हात काढला, झाकण लावलं, घरी गेली, सगळे प्लग उपटले, दाराला कुलूप लावलं आणि बसमध्ये बसली. आणि चित्र मागून येतं ना, म्हणून माझ्या फोनमध्ये मात्र ती दिवसभर चोरी करत राहिली.

दोक्सू म्हणाला, "आई, माफी माग काकूंची." मी म्हटलं, "का? चित्र अडकलेलं असेल, हात तर आतच आहे ना? वाटी तर आहेच ना?" आणि चित्र तर आता तेही नाही, नुसता काळा पडदा आणि मधे एक गोल गरागरा फिरतोय.

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. किती नेलं असेल? एक वाटी? की तळ दाखवला? दुसऱ्या दिवशी मी ग्वाक सरपंचाला फोन लावला, तो मयताहून परत आला होता. म्हटलं, "जा बघून ये. झाकण उघड आणि काठी घालून बघ किती कमी झालंय." तो म्हणाला, "काकू, मी मयताहून आलोय, मी कसा रांजणात बघू?" मी म्हटलं, "डोळे तिरके करून बघ!" गेला बिचारा. म्हणाला, "फार नाही काकू, दोन बोटं. झाकण लावू का?" म्हटलं, "ऊन आहे?" "कडक आहे." "मग राहू दे उघडं, संध्याकाळी लाव." तो म्हणाला, लावतो. आणि संध्याकाळी गावसभेच्या खोलीत भाताची दारू घेऊन बसले सगळे, गेलेल्याच्या आठवणी काढत. सरपंच काय झाकण लावतोय!

पुढच्या दिवशी दुपारी फोनमध्ये एकदम चित्र आलं! नामवॉनवाली दिराच्या घरून परतली होती, गाण्याचा कार्यक्रम लागायचा होता, तिने प्लग लावला. आणि काय स्पष्ट आलं म्हणून सांगू, इतकं स्पष्ट ते कधी आलं नव्हतं. पाऊस! धो धो, सकाळपासूनचा असावा, ओट्याच्या दगडांवरून पाणी वाहतंय. आणि थोरला रांजण आ वासून उभा. कागदी मोजा भिजून लोंबतोय. पाण्याची धार सरळ आत, मला एकेक थेंब दिसत होता. दिसतंय ना? मग झालं!

मी नामवॉनवालीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. सरपंचाला लावला, झोपलेला. सुनेला हाक मारली, ती काय करणार सतराव्या मजल्यावरून? मी त्या फोनवर ओरडतेय, "झाका की रे कोणीतरी!" आणि आवाज इकडून तिकडे जात नाही, माहीत असूनही ओरडतेय.

आणि मग ती आली. छत्री घेऊन, धावत. ओट्याच्या पायरीपाशी आली आणि थांबली. थांबलीच! मी म्हटलं, पुन्हा अडकलं की काय चित्र? पण पाऊस पडत होता, छत्री हलत होती. चित्र नव्हतं अडकलं, ती अडकली होती. दिराचं मयत करून आलेली, रांजणाजवळ जायचं नाही. आणि मी चोर म्हटलेलं, सगळ्या बसदेखत. हात लावावा तर चोर, न लावावा तर माल जातोय. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, सरळ माझ्याकडे. ओठ हलले. काय म्हणाली देव जाणे. मग छत्री फेकली, डोक्याचं फडकं सोडून तोंडाला बांधलं आणि डोळे मिटले, गच्च. डोळे मिटून चढली ओट्यावर, ह्या वयात, ओल्या दगडांवर, हात पुढे करून, आंधळ्यासारखी चाचपडत. एका रांजणाला धडकली. दुसऱ्याला धडकली. मी इकडून, "डावीकडे, अगं डावीकडे!" सून रडायला लागली. झाकण सापडलं तिला, उचललं, चाचपडत लावलं. आणि तशीच, डोळे मिटलेले, पाठ वळवून पावसात उभी राहिली.

पण उशीर झाला होता हो. दिवसभराचं पाणी आत.

काठी टेकत टेकत गावी गेले तेव्हा झाकण काढलं तर वर पांढरा तवंग, खाली कुजका वास. सासूबाईंच्या डोक्यावरून आलेलं ते, शेणखताच्या खड्ड्यात ओतलं. सरपंच तोंड लपवून फिरत होता. दोक्सूने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच वाक्य काढलं, मला माहीतच होतं, "आई… मग आता राहतेस ना आमच्याकडेच?" प्रेमाने म्हणाला, नाही असं नाही. पण मला वाटलं, मलाही त्या खड्ड्यात ओतलं.

तेवढ्यात नामवॉनवाली आली कुंपणाशी. हातात लहान मडकं, वर फडकं बांधलेलं. माझ्याशी बोलेना. मडकं ओट्यावर ठेवलं. मी फडकं सोडलं… अहो, तेच! काळंभोर, दाट, आमचंच!

मी म्हटलं, "चोरलंस तर!"

"चोरलं!" म्हणाली. "दीर गेल्याचा निरोप आला, म्हटलं मयताहून आल्यावर किती दिवस जवळ जाता येणार नाही, म्हणून आधी वाटी भरून घेतली. गुडघ्यासाठी शहरात गेलेली कुठली म्हातारी परत आलीय गं? त्या वरच्या आळीतलीचे रांजण बघितलेस ना? मुलाने विकले, कॉफीच्या दुकानात नेऊन त्यात फुलं लावली! म्हटलं, तू नाही आलीस तर निदान माझ्याकडे असेल. इतकी वर्षं मागितलं, दिलं नाहीस. तुझ्या माघारी मला कोण देणार होतं?"

मी मडक्याला हात घातला. म्हटलं, "दे इकडे."

"अर्धं देईन," म्हणाली. "सगळं दिलं तर पुन्हा उघडं टाकशील."

आणि अर्धंच दिलं! तेव्हापासून माझ्या थोरल्या रांजणात त्या अर्ध्या वाटीवर नवीन माल चढतोय. पण गावात कोणी जेवायला आलं, चव बघून माना डोलावल्या की ही शेजारून म्हणते, "हो, माझ्याकडचंच विरजण आहे." मी ऐकून घेते. सांगायला जावं तर बसमधली गोष्ट सगळ्यांना आठवते. पण दोक्सूला सांगितलं, बाबा, मी गावातच राहणार, मला झाकण उघडायचं आहे आणि लावायचं आहे.

तर असं सगळं निस्तरून मी आता कुठे सुखाने ओट्यावर चढायला लागले होते, तर हा डॉक्टर म्हणतो, उजवा झाला, आता डाव्याची वाटी संपली! म्हणून ह्या खाटेवर आहे मी, तुमच्या शेजारी. दोक्सूने नवी पाटी बसवलीय, म्हणतो ही तापत नाही, अडकत नाही. वायफाय तेच, नामवॉनवालीच्या भिंतीपलीकडचं. हे बघा… बघा ना, तुमच्यापैकी कोणाची नजर चांगली आहे? झाकण उघडं आहे की बंद? आणि हे आत्ताचं आहे की सकाळचं? मला तर बाई काही कळत नाही. थांबा, तिलाच फोन लावते… हॅलो? नामवॉनवाली? अगं, आभाळ भरून आलंय म्हणे तिकडे, झाकण लावलंस का?

…ऐकलंत? ऐकलंत काय म्हणाली? "बघ की तुझ्या कॅमेऱ्यात!" म्हणाली, आणि ठेवला!